गोळी पुढे कुठे जाते?

बाळांनो, आज राजाची गोष्ट नाही आणि राक्षसाचीही नाही. आज एका गोळीची गोष्ट. कुठली गोळी? तीच, जी घरोघरी औषधांच्या डब्यात असते. गुडघा दुखला, घ्या. दाढ ठणकली, घ्या. पाय मुरगळला, घ्या. मेडिकलवाल्याला नुसतं "दुखण्याची गोळी द्या" म्हटलं की तो पुढचं काही न विचारता पट्टी कापून हातात ठेवतो. तासाभरात ठणका थांबतो आणि आपण गोळीला विसरून जातो. गोळी मात्र आपल्याला विसरलेली नसते. तिचा प्रवास चालूच असतो. ती पुढे कुठे जाते, वाटेत कुणाला भेटते, कुणाचं काय करते, ते आज सांगतो. मधे प्रश्न विचारले तरी चालतील. डुलकी लागली तरी रागावणार नाही. पण शेवट ऐकल्याशिवाय पूर्ण झोपायचं नाही, सांगून ठेवतो.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डशायर परगण्यातल्या चिपिंग नॉर्टन गावी. तिथे एडवर्ड स्टोन नावाचे एक पाद्री राहत होते. एके दिवशी त्यांनी विलो झाडाच्या सालीचा तुकडा चघळून पाहिला. कडू जहर! आता कडू लागलं तर तुम्ही-आम्ही थुंकून टाकू. स्टोनबाबा विचारात पडले. त्या काळी हिवतापावर दक्षिण अमेरिकेतून सिंकोनाची साल यायची. तीही अशीच कडू, आणि महाग. मग ही कडू सालसुद्धा तापावर चालेल का? शिवाय त्यांची आणखी एक समजूत होती. जिथे रोग, तिथेच देवाने त्याचं औषध ठेवलेलं असतं. हिवताप दलदलीच्या जागी होतो आणि विलोही ओलसर जागीच वाढतो. झालं! त्यांनी पौंडभर साल गोळा केली, पाववाल्याच्या भट्टीवर तीन महिन्यांहून जास्त वाळवली, कुटून पूड केली आणि तापाच्या पन्नासएक रोग्यांना दिली. बऱ्याच जणांना उतार पडला. 1763 साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे कळवलं.

"पण आजोबा, दलदलीत उगवतं म्हणून औषध, हे काही खरं कारण नाही," थोरला म्हणाला.

शाब्बास! कारण खोटं होतं, पण करून पाहिलेलं खरं होतं. म्हणून तर विज्ञानात नुसत्या तर्काला किंमत नसते, तो तपासून पाहावा लागतो. हे लक्षात ठेव, शेवटी उपयोगी पडणार आहे.

आपल्याकडे नदीकाठी, ओढ्याकाठी वाळुंज उगवतो ना, तो या विलोच्याच कुळातला. त्या सालीत सॅलिसिन नावाचा कडू पदार्थ असतो. पण झाडाने तो काय माणसाचा ताप उतरवायला केला? छे! झाडाला पळून जाता येत नाही. पानं खाणारे किडे आले तर कडूपणा त्यांना नकोसा होतो. आणि याच घराण्यातलं सॅलिसिलिक आम्ल झाडाच्या अंगात निरोप्याचं काम करतं. एका पानाला रोगजंतू डसले की बाकीच्या पानांत बचावाची तयारी सुरू होते, त्यात या आम्लाचा हात असतो. म्हणजे झाडाच्या आजारपणातलं रसायन आपण आपल्या आजारपणात उसनं घेतलं.

पुढचं भरभर सांगतो. 1828 साली म्युनिकच्या योहान बुखनर यांनी सालीतून सॅलिसिन वेगळं काढलं. पुढे त्यापासून सॅलिसिलिक आम्ल झालं. सांधे धरलेल्या लोकांना ते द्यायचे, पण पोटात अशी आग पडायची की रोग परवडला असं वाटावं. 1897 साली जर्मनीत बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमान यांनी त्या आम्लात थोडा बदल करून औषधासाठी शुद्ध रूप तयार केलं. 1899 पासून ते ॲस्पिरिन या नावाने जगभर गेलं. नंतर त्याला भावंडं झाली. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला स्ट्युअर्ट ॲडम्स या संशोधकाच्या चमूने शेकडो रसायनं तपासून आयबुप्रोफेन शोधलं. मॉस्कोत भाषण करायचं होतं, आदल्या रात्रीच्या मेजवानीमुळे डोकं ठणकत होतं, तेव्हा ॲडम्सनी तेच औषध स्वतःवर करून पाहिलं, अशी आठवण ते सांगत. शिवाय डायक्लोफेनॅक आलं, नॅप्रोक्सेन आलं, इंडोमेथासिन आलं. सगळी एकाच गोत्रातली. दुखणं थांबवायचं आणि सूज उतरवायची, हे यांचं काम.

गंमत बघा. ॲस्पिरिन बाजारात आल्यावर सत्तर वर्षं उलटली, अब्जावधी गोळ्या पोटात गेल्या, पण ती काम कसं करते ते कुणालाच ठाऊक नव्हतं! 1971 साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी ते कोडं सोडवलं. 1982 साली त्यांना नोबेल मिळालं, स्वीडनच्या बेर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्या जोडीने.

काय होतं ते कोडं? आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनतात. कुठे ठेच लागली, कापलं, जंतू शिरले की त्या जागी ही रसायनं तयार होतात. "इकडे रक्त वाढवा, सूज येऊ द्या, मेंदूला कळवा," असा आरडाओरडा ती करतात. आपल्याला ते दुखणं म्हणून कळतं. गोळी काय करते? जखम भरत नाही. ही रसायनं बनवणारं विकर असतं, त्यालाच ती अडवते. ओरडणारं कुणी राहिलं नाही की आपल्याला बरं वाटतं.

"मग बरंच झालं की!" धाकटी म्हणाली.

थांब, इथेच गोष्ट वळते. हीच प्रोस्टाग्लँडिनं जठरात रात्रंदिवस वेगळंच काम करत असतात. जठरात जेवण पचवायला इतकं कडक आम्ल असतं की त्याने मांससुद्धा शिजल्यागत होतं. मग आपलं स्वतःचं जठर का पचून जात नाही? कारण आतल्या बाजूला चिकट बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, त्याच्याखाली आम्ल मारणारा क्षार पाझरत असतो आणि रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. ही सगळी व्यवस्था चालू ठेवायची ती प्रोस्टाग्लँडिनांनीच. गोळीला गुडघ्यातली कुठली आणि पोटातली कुठली हे कळत नाही. ती दोन्हीकडे त्यांचं बनणं थांबवते. गुडघा हसतो, जठर सोलवटतं. म्हणून डॉक्टर सांगतात, ही गोळी उपाशीपोटी घेऊ नका.

1990 च्या सुमारास कळलं की हे विकर एकटं नाही, दोघं भाऊ आहेत. एक रोजची घरची कामं बघणारा, दुसरा मुख्यतः सूज आली की धावून येणारा. मग फक्त या दुसऱ्या भावालाच अडवणाऱ्या गोळ्या निघाल्या. पोटाला त्या बऱ्या होत्या, पण त्यातली रोफेकॉक्सिब ही गोळी हृदयविकाराचा धोका वाढवते असं दिसलं आणि 2004 साली कंपनीला ती जगभरातून मागे घ्यावी लागली. दोघा भावांची कामं आपण समजलो होतो तितकी वेगळी नव्हती.

आता गोळी पुढे कुठे जाते, हा प्रश्न न विचारल्यामुळे काय अनर्थ झाला ते ऐका. हे आपल्याच देशात घडलं. गाय लंगडायला लागली, बैलाला ताप आला की गुराचे डॉक्टर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन द्यायचे. जनावर मेलं तर मढं गावाबाहेर टाकायचं आणि गिधाडांनी ते तासाभरात साफ करायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. 1990 नंतर गिधाडं पटापट मरू लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर शंभरातलं एकसुद्धा उरेना. मुंबईत मलबार हिलवर पारशी लोकांच्या दख्म्यांवरून गिधाडं नाहीशी झाली. शोध घेता घेता 2004 साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून कारण दाखवून दिलं. गुरांच्या मांसात उरलेलं डायक्लोफेनॅक गिधाडांची मूत्रपिंडं बंद पाडत होतं. 2006 साली भारताने गुरांसाठी हे औषध बंद केलं. गाईचं दुखणं थांबलं म्हणजे औषधाची गोष्ट संपली, असं सगळ्यांनी धरलं होतं.

माणसाच्या पोटातही असंच काहीसं झालं. जठराला जखमा होतात हे कळल्यावर डॉक्टरांनी पेनकिलरच्या जोडीला ॲसिडिटीची गोळी द्यायला सुरुवात केली. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल वगैरे. लोक तिला "गॅसची गोळी" म्हणतात. ती जठरातलं आम्ल कमी करते, जखमा टळतात. जठर आणि त्याच्या लगतचा आतड्याचा सुरुवातीचा तुकडा वाचला. सगळे खूश. पण त्याच्या पुढे काय?

पुढे असतं लहान आतडं. नाव लहान, पण लांबी पाच-सहा मीटर. वेटोळी घालून पोटात बसलेलं. तोंडातून घातलेली दुर्बीण तिथे फार पुढे पोचत नाही, खालून घातलेलीही नाही. मधला हा सगळा मुलूख डॉक्टरांच्या नजरेआडच होता. इंगवार ब्यारनासन नावाच्या संशोधकाने 1980 नंतरच्या वर्षांत इंग्लंडमध्ये सांगायला सुरुवात केली होती की पेनकिलर रोज घेणाऱ्यांच्या लहान आतड्याला सूज असते. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किती जण मानणार?

मग पुढे आला एक इंजिनिअर. इस्राएलचा गाव्रिएल इद्दान. लढाऊ क्षेपणास्त्रांसाठी कॅमेरे बनवणं हे त्याचं काम. त्याने विचार केला, एवढासा कॅमेरा माणसाला गिळायलाच दिला तर? आणि खरंच तशी कॅप्सूल तयार झाली. 26 मिलिमीटर लांब, 11 मिलिमीटर जाड. आत कॅमेरा, दिवा, बॅटरी आणि बिनतारी यंत्र. गिळायची आणि आपल्या कामाला लागायचं. ती आतड्याबरोबर सरकत जाते, सेकंदाला दोन या हिशेबाने फोटो काढत जाते आणि सात-आठ तासांत पन्नास हजारांच्या आसपास चित्रं कमरेच्या पट्ट्यातल्या यंत्राकडे पाठवते. 2001 साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली.

"आणि मग ती कॅप्सूल बाहेर कशी येते?" धाकटीचा प्रश्न ठरलेलाच.

जशी सगळ्या गोष्टी बाहेर येतात तशीच! हसू नका, ऐका. 2005 साली इंग्लंडमध्ये 40 धडधाकट माणसांना चौदा दिवस डायक्लोफेनॅक दिलं. जोडीला ओमेप्राझोलही दिलं, जठर सांभाळायला. आधी आणि नंतर कॅप्सूल गिळायला लावली. चौदा दिवसांनी 68 टक्के लोकांच्या लहान आतड्यात नव्या इजा दिसल्या. कुठे लालसर चट्टे, कुठे सोलवटलेला भाग, कुठे रक्त. आणि यातल्या बहुतेकांना काही कळलंही नव्हतं, पोट दुखत नव्हतं. बऱ्याच इजा आपोआप भरून येतात, कारण आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. पण जो माणूस संधिवातासाठी वर्षानुवर्षं गोळ्या घेतो, त्याच्या आतड्याला भरून यायला उसंत मिळत नाही. थोडं थोडं रक्त झिरपत राहतं, हिमोग्लोबिन उतरतं, माणूस फिका पडतो, धाप लागते आणि कारण काही सापडत नाही.

आता खरा चक्रावणारा प्रश्न. लहान आतड्यात जठरासारखं आम्ल नाही. मग तिथे जखमा करतं कोण? गोळीच ना? गोळी तर आहेच. पण ती एकटी नाही.

1977 साली अमेरिकेत आंद्रे रॉबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक प्रयोग केला होता. जन्मापासून जंतूच न शिवलेले उंदीर असतात. निर्जंतुक पेटीत जन्मतात, निर्जंतुक अन्न खातात, आतड्यात एकही जिवाणू नसतो. अशा उंदरांना आणि साध्या उंदरांना इंडोमेथासिन दिलं. साध्या उंदरांच्या आतड्यात व्रणच व्रण. जंतू नसलेल्या उंदरांची आतडी मात्र टिकून राहिली. औषध तेच होतं. फरक होता तो आतड्यातल्या रहिवाशांचा.

दुसरा धागा यकृताने दिला. डायक्लोफेनॅकसारखं औषध रक्तातून यकृतात आलं की यकृत त्याला बाहेर काढायची तयारी करतं. त्याला साखरेच्या नात्यातलं एक आम्ल चिकटवतं. वाणी जशी चिमूटभर हिंग कागदाच्या पुडीत बांधतो, तशी औषधाची पुडी बांधली जाते. पुडी बांधली की औषध निरुपद्रवी होतं. मग यकृत ती पित्तात टाकतं आणि पित्ताबरोबर ती आतड्यात येते. आता मुकाट्याने बाहेर जायचं. पण आतड्याच्या खालच्या भागात जिवाणूंची वस्ती दाट असते. त्यातल्या काहींना पुडीचा तो गोड कागद खायचा असतो! ते आपल्या विकराने पुडी सोडतात, कागद खातात आणि आतलं औषध मोकळं पडतं. मोकळं झालेलं औषध पुन्हा आतड्याच्या पेशींत शिरतं, पुन्हा रक्तात, पुन्हा यकृतात, पुन्हा पुडी, पुन्हा आतडं. एक गोळी आपण एकदाच गिळतो, पण आतड्याला ती पुन्हा पुन्हा भेटते. ज्या उंदरांची पित्तनलिका बांधून टाकली, त्यांच्या आतड्याला इजा झाली नाही. आणि पुडी सोडणारं विकर अडवणारं रसायन ज्या उंदरांना दिलं, त्यांचे व्रण कमी झाले. चोर पकडला म्हणायचा!

अजून एक पायरी आहे. आतड्याच्या अस्तरात पेशींचा एकच थर असतो, फक्त एक! त्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगून असतात, म्हणून आतला कचरा आणि जंतू रक्तात जात नाहीत. औषध त्या पेशींच्या ऊर्जेच्या कारखान्यांवर घाव घालतं. पेशी दमतात, त्यांची मिठी सैल होते आणि फटीतून जिवाणू आत डोकावतात. काही जिवाणूंच्या अंगावर असं रसायन असतं की शरीराचे पहारेकरी ते पाहताच खवळतात. पांढऱ्या पेशींची फौज धावून येते आणि या धुमश्चक्रीत आपलंच अस्तर फाटतं.

आता गॅसच्या गोळीकडे परत या. कॅनडात हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात जॉन वॉलेस यांनी 2011 साली उंदरांवरचे प्रयोग छापले. त्यांना दिसलं की पेनकिलरच्या जोडीला आम्ल कमी करणारी गोळी दिली तर लहान आतड्याची इजा कमी न होता वाढते! का? जठरातलं आम्ल हे आत येणाऱ्या जंतूंना रोखणारं पहिलं नाकं. नाकं उठलं की आतल्या वस्तीत उलथापालथ होते. बिफिडोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू कमी झाले होते. या उंदरांच्या आतड्यातली वस्ती जंतू नसलेल्या उंदरांत नेऊन सोडली, तर त्यांनाही पेनकिलरची इजा जास्त झाली. आणि बिफिडोबॅक्टेरिया परत खायला घातल्यावर इजा आटोक्यात आली. कुणाची वस्ती आहे यावर आतड्याचं भवितव्य ठरत होतं.

"हे बिफिडो कोण?" थोरल्याने विचारलं.

तुमचे सगळ्यात जुने सोबती, बाबांनो! 1899 च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री तिसिए या डॉक्टरांनी आईच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळांच्या शीत हे पाहिले. दोन फाटे फुटलेले, इंग्रजी वायसारखे दिसणारे. आणि इथे निसर्गाची कमाल बघा. आईच्या दुधात दुधाची साखर असते, स्निग्ध असतं आणि त्यानंतर सगळ्यात जास्त असतात त्या खास गुंतागुंतीच्या शर्करा, दीडशेहून जास्त प्रकारच्या. बाळाला त्या पचवताच येत नाहीत! मग आईने त्या कुणासाठी बनवल्या? या जिवाणूंसाठी. आई बाळाला पाजते तेव्हा त्याच्या पोटातल्या राखणदारांचंही पोट भरत असते. ते शर्करा खातात, आम्लं तयार करतात आणि त्या आंबट हवेत उपद्रवी जंतूंना पाय पसरता येत नाहीत. आतड्याच्या पेशींची मिठी घट्ट राहायलाही त्यांची मदत होते.

त्याच पाश्चर संस्थेत एल्या मेचनिकॉव्ह होते, 1908 चे नोबेल विजेते. दह्यातले जिवाणू माणसाला दीर्घायुषी करतील, असं त्यांनी मांडलं आणि युरोपभर दह्याची लाट आली. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी 1930 च्या सुमारास एक लॅक्टोबॅसिलस निवडून वाढवला आणि 1935 मध्ये त्याचं पेय बाजारात आणलं. पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी 2001 साली केली. "पुरेशा प्रमाणात" आणि "फायदा करणारे" हे दोन शब्द जाहिरातवाले हळूच गिळतात.

मग पेनकिलरने होणारी इजा प्रोबायोटिकने टळते का? उंदरांत टळते, हे पाहिलं. माणसात? स्टोनबाबांचा धडा आठवा, करून पाहायचं. चिलीमध्ये 2001 साली एका लॅक्टोबॅसिलसची इंडोमेथासिनसमोर परीक्षा झाली. जठर वाचलं, आतडं नाही. जपानमध्ये रोज थोडं ॲस्पिरिन घेणाऱ्या रोग्यांच्या एका लहान गटाला तीन महिने लॅक्टोबॅसिलस केसी दिला. कॅप्सूलच्या चित्रांत इजा कमी झालेल्या दिसल्या. मग 2019 साली एक नेटका प्रयोग प्रसिद्ध झाला. आयर्लंडमध्ये 75 निरोगी माणसांना सहा आठवडे रोज 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं. काहींना जोडीला बिफिडोबॅक्टेरियम ब्रीव्हे या जिवाणूचा बीआयएफ 195 हा वाण दिला, बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ पुडकी. कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. वारंवार कॅप्सूल गिळवून पाहिलं. जिवाणू मिळालेल्यांच्या आतड्यात इजा कमी होती आणि व्रणही कमी होते.

"जिंकलो!" धाकटी ओरडली.

अजून नाही. पुढे याच वाणाची आयबुप्रोफेनबरोबर तशीच परीक्षा घेतली. तिथे आतडं वाचलं नाही. जिवाणू तोच, पण गोळी बदलली आणि निकाल बदलला. म्हणजे "प्रोबायोटिक चांगलं की वाईट" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठला जिवाणू, त्याचा कुठला वाण, किती, कुठल्या गोळीसमोर आणि कुणावर तपासलेला, एवढं विचारलं तर प्रश्न पुरा होतो.

"पण आजोबा, आपण रोज दही-ताक खातोच की. मग वेगळं कशाला?" हा प्रश्न थोरला विचारणार, मला माहीत होतं.

दही खा, ताक प्या, मनसोक्त. उत्तम अन्न आहे ते. त्यातले जिवाणू दुधातली साखर पचवायला हातभार लावतात. पण तुझ्या आईच्या विरजणात कुठले जिवाणू, किती, हे रोज वेगळं असतं. शेजारच्या काकूंच्या विरजणात आणखी वेगळं. त्यातले बरेचसे जठरातल्या आम्लातच संपतात, उरलेले चार दिवस पाहुणचार घेऊन निघून जातात. पेनकिलरसमोर त्या विरजणाची परीक्षा कुणी घेतलेली नाही. "वाटीभर दही खाल्लं, आता दोन गोळ्या जास्त घेतल्या तरी चालतील," असा हिशेब करायचा नाही. बाजारातल्या पाकिटांनाही तोच नियम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2011 साली प्रोबायोटिक खाद्यपदार्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जिवाणूचं कूळ, जात आणि वाण तिन्ही ओळखलेले हवेत आणि पाकिटावर लिहिलेले हवेत, असं त्यांत आहे. पाकिटावर नुसतं "चांगले जिवाणू" लिहिलेलं असेल तर ते खाली ठेवायचं.

आणि जिवंत जीव म्हटले की ते सगळ्यांच्या बाजूने असतात असंही नाही. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेने अत्यवस्थ झालेल्या रोग्यांना प्रोबायोटिक देऊन पाहिलं. 2008 साली निकाल आला. प्रोबायोटिक मिळालेल्यांत 16 टक्के दगावले, न मिळालेल्यांत 6 टक्के. धडधाकट माणसाला जे सोसतं ते अत्यवस्थ माणसाला सोसेलच असं नाही. म्हणून फार आजारी, प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला असली पुडी आपल्या मनाने द्यायची नाही.

आता शेवट, आणि हा शेवट मोठ्या माणसांनाही ऐकवा. दुखण्याची गोळी शत्रू नाही. संधिवाताने आखडलेल्या हातांना तिने घास उचलायला लावला आहे. पण ती कमीत कमी दिवस आणि कमीत कमी मात्रेत घ्यायची. दोन वेगवेगळ्या पेनकिलर एकदम घ्यायच्या नाहीत. गॅसची गोळी घेतली म्हणजे सगळं पोट सुरक्षित झालं असं समजायचं नाही, ती फक्त वरचा भाग सांभाळते. मात्र डॉक्टरांनी जठरासाठी ती दिली असेल तर आपल्या मनाने बंदही करायची नाही. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर तेही तसंच, ही गोष्ट ऐकून थांबवायचं नाही. शौचाला काळं कुळकुळीत होऊ लागलं, उगाच थकवा आला, हिमोग्लोबिन उतरलं तर डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं, "मी इतके दिवस ही गोळी घेतोय." मूत्रपिंडाचा त्रास, आधीचा अल्सर किंवा उतारवय असेल तर गोळीआधीच विचारायचं. प्रोबायोटिक आतड्याचं रक्षण करू शकतं याचे चांगले पुरावे येऊ लागले आहेत, पण आज तरी ते ढाल म्हणून हातात देण्याइतके पक्के झालेले नाहीत. तोवर आपल्या पोटातल्या राखणदारांसाठी आपल्या हातात असलेली सर्वांत खात्रीची गोष्ट एकच: गरज नसताना ती गोळी घ्यायची नाही.